गाडी कोणाची होती

सोनूबाईची राख सावडून माणसं ओढ्यावरून परतली, त्याच दुपारी गावचे पुढारी काकासाहेब राजानंद मगरेच्या घरी आले. पायी आले, आणि मागच्या गल्लीनं आले. राजानंदच्या बायकोला, रूपालीला, आधी तेच खटकलं. एरवी त्यांची जीप दारात थांबायच्या आधी हॉर्न वाजायचा आणि ‘राजाभाऊ हायेत का’ ही हाक अख्ख्या पंचशीलनगरला ऐकू जायची.

राजानंद बैठकीत एकटाच बसला होता. सोनूबाई गेली त्या दिवसापासून तो वाटूर फाट्यावरच्या ऑफिसला फिरकला नव्हता. फोन वाजायचे, तो नाव पाहून बाजूला ठेवायचा. रूपालीनं चहा नेऊन ठेवला आणि दाराआड थांबली. लपून ऐकायची तिला सवय नव्हती. ती गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गावर होती, आणि सोनूबाईची नात तिच्याच वर्गात होती. त्या पोरीची रिकामी जागा पाहून घरी आल्यापासून तिला कुठल्याही खोलीत नीट बसवत नव्हतं.

काकासाहेबांनी आधी हळहळ केली. म्हातारी कामसू होती, कोणाच्या अध्यात नव्हती, नशिबानं घात केला. मग त्यांनी कप खाली ठेवला. उद्या ग्रामसभा होती. तालुक्याहून साहेब येणार होते, आणि पाणी समितीचा अध्यक्ष म्हणून राजानंदला विहिरीचा अहवाल मांडायचा होता. त्या अहवालात काय असावं हे काकासाहेब घरूनच ठरवून आले होते. यंदा पाऊस कमी. विहीर जुनी, निजामाच्या काळातली. बांधकामाचे दगड कधीचे सैल झालेले. म्हातारीनं एकटीनं तळाशी उतरायला नको होतं.

“एवढं वाचलं तर कोणाचंच वाईट होत न्हाई,” ते म्हणाले.

राजानंद म्हणाला, “काकासाहेब, पाऊस तर मागच्या सालापेक्षा बरा झाला.”

“साहेब काय पाऊस मोजाया येऊन राह्यले का?” काकासाहेब हसले नाहीत, पण आवाज मऊच होता. “आन् दुसरं काही वाचायचं म्हणलं, तर मंग पहिला सवाल निघंल, गाडी कोणाची होती. ते तुमी सांगणार का मी?”

जाताना त्यांनी राजानंदच्या खांद्यावर हात ठेवला. येत्या झेडपीला तुमचं नाव मी वरपर्यंत नेऊन ठेवलंय, असं म्हणाले. पुन्हा मागच्या गल्लीनं गेले.

गाडी कोणाची होती हे खैरवाडीत सगळ्यांनाच माहीत होतं, पण तोवर कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं. काकासाहेबांचा पुतण्या कल्याण याची मोसंबीची बाग गावच्या पिण्याच्या विहिरीला लागून होती. त्या विहिरीपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत कोणी बोअर घ्यायचा नाही असा नियम होता, आणि समितीत तो ठराव राजानंदनं स्वतः मांडून घेतला होता. तरी थंडी सरता सरता कल्याणच्या बागेत बोअर पडला. ‘गिरिजा बोअरवेल्स’ची गाडी होती, म्हणजे मगऱ्यांचीच. गाडीवर राजानंदचा धाकटा भाऊ प्रेम होता. पाणी असं लागलं की लोक बघायला गेले. होळी झाली आणि विहिरीचे झरे तुटले. बायका पायऱ्या उतरून तळातलं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरू लागल्या. अशीच सोनूबाई खाली वाकलेली असताना वरच्या थरातला दगड निसटला.

*

बेबीनंदा जालन्याहून एसटीनं आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ती तिघा भावंडांत मोठी. आल्या आल्या तिनं चप्पल काढायच्या आधी विचारलं की दोघं भाऊ एकमेकांशी बोलतात की नाही. बोलत नाहीत हे तिला पटांगणावरूनच कळलं. दुसऱ्या गाड्या कामावर गेल्या होत्या, पण प्रेमची गाडी तशीच उभी होती, आणि तिच्या सावलीत प्रेम बसला होता. घरात यायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि तोही आला नव्हता.

सगळे वडिलांच्या, तातेरावांच्या, खोलीत जमले, कारण तातेरावांना पलंगावरून उठवत नव्हतं. सगळी हयात त्यांनी बोअरच्या गाडीवर काढली होती, आधी दुसऱ्याच्या, मग स्वतःच्या. दगडाची भुकटी छातीत बसली होती. उशाशी ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत होतं. आई, गिरिजाबाई, त्यांच्या पायांशी बसली. प्रेम आत आला तो जमिनीवरच बसला, भिंतीला टेकून. राजानंदनं खुर्ची घेतली आणि मग, सगळे खाली आहेत हे पाहून, ती मागं सारून तोही खाली बसला.

प्रेमनं ते पाहिलं. दादाला असं सगळं सुचतं, त्याच्या मनात आलं. सभेत कुठं बसावं, कोणाला आधी हार घालावा, कोणाच्या घरी दुःखाला जावं, हे दादाला कोणी शिकवलं नव्हतं. प्रेमला शिकायचंच नव्हतं असं घरात म्हणायचे. खरं म्हणजे एका गाडीच्या जिवावर एकाच पोराला औरंगाबादला ठेवणं शक्य होतं. राजानंद तिथून डिप्लोमा घेऊन आला, त्यानं कागद केले, बँक केली, सरकारी हातपंपांची कामं आणली आणि एका जुन्या गाडीच्या पाच गाड्या केल्या. हे प्रेम कधी नाकारत नव्हता. दुष्काळाच्या साली दादानं गावाला फुकट टँकर पुरवले, विहाराशेजारी अभ्यासिका बांधली आणि ती सगळ्या गावाच्या पोरांना उघडी ठेवली. पाणी समितीचा अध्यक्ष झालेला तो वस्तीतला पहिला माणूस. त्या दिवशी प्रेमच सगळ्यांत जास्त नाचला होता.

बेबीनंदानं सुरुवात केली. तिचं म्हणणं सरळ होतं. जालन्यात ती किराणा आणायला गेली तरी लोक विचारतात, राजानंद मगरे तुमचे भाऊ का. हे नाव एका दिवसात झालेलं नाही. काकासाहेब म्हणतात तसं वाचावं, म्हातारीच्या घरच्यांना आपण मागून लागेल ती मदत करावी, आणि हा विषय घराच्या बाहेर जाऊ देऊ नये.

“मी कचरूभाऊंकडं जाऊन आले,” रूपाली म्हणाली. कचरू म्हणजे सोनूबाईचा नवरा. “त्यांना अजून कोणी सांगितलंच न्हाई की पाणी कुठं गेलं. ते म्हणतात, देवाची मर्जी.”

“मंग त्यांना तसंच वाटू द्या ना ताई,” प्रेमची बायको पायल दारातून म्हणाली. “सांगून म्हातारी परत येणार न्हाई. तुमचं बरोबर हाये, पण जेलात तुमचा माणूस जाणार न्हाई.”

 गिरिजाबाईनं हात लांबवून पायलला आपल्या शेजारी बसवलं, आणि त्यातून ती कोणाच्या बाजूला आहे हे सगळ्यांना कळलं.

राजानंद सावकाश बोलू लागला. खोटं वाचणं आपल्याला जमणार नाही, तो म्हणाला. आज दाबलं तरी वर्षा-दोन वर्षांनी हे निघेलच. अध्यक्ष म्हणून आपली एक जबाबदारी आहे. समितीचा ठराव असताना गाडी तिथं गेली हे सांगावंच लागेल. चूक झाली ती चूक. कंपनी दंड भरेल, प्रेमसाठी चांगला वकील देऊ. तो बोलत होता ते सगळं बरोबर होतं. रूपालीला नवऱ्याचा अभिमान वाटला, आणि बेबीनंदाही थोडी विरघळली असं दिसलं.

प्रेम जमिनीकडं बघत ऐकत होता.

“गाडी माझीच होती,” तो म्हणाला. “मीच नेली. त्याला मी न्हाई म्हणत न्हाई. पण मी दादाला फोन केल्ता.”



“कवा?” गिरिजाबाईनं विचारलं.

“बोअर सुरू करायच्या आधी. गाडी बागेत लागली होती. मी म्हणलं, दादा, विहीर समोर दिसून राह्यली. कल्याण ऐकत न्हाई, काकासाहेबांचे फोनावर फोन येऊन राह्यले. काय करू?”

“मंग?”

“दादा म्हणला, तू बघ.”

सगळ्यांनी राजानंदकडं पाहिलं. त्यानं मान हलवली, हो म्हणून.

त्या दुपारी तो जालन्यात एका मंगल कार्यालयाच्या व्यासपीठावर होता. जिल्ह्यातल्या उद्योजकांचा सत्कार होता. अंगावर शाल होती, शेजारचा माणूस पाण्याच्या नियोजनावर बोलत होता, आणि पहिल्या रांगेत काकासाहेब बसले होते. फोन वाजला तसं काकासाहेबांनी वर पाहिलं. राजानंदनं तोंडावर हात धरून फोन घेतला. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द त्याच्या तोंडात आलाही होता. मग त्याला वाटलं, आत्ता, इथं, या माणसाच्या समोर नको. त्यानं ‘तू बघ’ म्हटलं आणि फोन ठेवला. प्रेम त्याचा काय अर्थ घेईल हे त्याला पक्कं ठाऊक होतं. या घरात तातेरावांपासून ‘तू बघ’ म्हणजे ‘करून टाक’ असंच होतं.

बेबीनंदाचा आवाज बदलला. “राजा, मंग उद्या सभेत तू फक्त याचंच नाव घेणार व्हतास का?”

 दोन दिवस राजानंदनं मनात जी वाक्यं जुळवली होती त्यांत ‘परस्पर’ असा एक शब्द होता. गाडीवरच्या माणसांनी परस्पर काम घेतलं. तो शब्द त्याला आता सगळ्यांच्या डोळ्यांत दिसत होता.

“मी तुझ्याच बाजूनं आल्ते,” बेबीनंदा म्हणाली. “आता मला न्हाई कळत कोणाच्या बाजूनं बसावं.” ती उठली आणि प्रेमच्या शेजारी जाऊन बसली. रूपाली जागची हलली नाही. खरं सांगा, खरं सांगा असं तीच परवापासून म्हणत होती. त्या खऱ्यात आता तिचा नवरा होता. शेवटी ती म्हणाली, “दोन्ही नावं वाचा.” पण म्हणताना तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

*

तातेराव डोळे मिटून पडले होते. पोरांना वाटत होतं त्यांना झोप लागली. ते सगळं ऐकत होते. बोलायचं तर आधी श्वास जमवावा लागे, म्हणून ते थांबले होते.

त्यांच्या डोळ्यांपुढं आजची विहीर नव्हतीच. दुपारचं ऊन होतं, विहिरीच्या खालच्या अंगाला त्यांची माय हंडा घेऊन उभी होती, आणि तिच्या लुगड्याला धरून ते. वर कोणी पाणी शेंदायला आलं की माय हंडा पुढं करायची. कोणी वरून ओतायचं, कोणी नाही ओतायचं. छप्पन्न साली वस्तीनं धर्म बदलला तसं म्हाताऱ्यांनी ते उभं राहणं बंद केलं. वस्तीची वेगळी विहीर हातांनी खांदली. पाणी मचूळ लागलं, तरी ते प्यायले. पुढं तातेराव बोअरच्या गाडीवर मजूर गेले, आणि आयुष्याच्या मधल्या टप्प्यावर त्यांची स्वतःची जुनी गाडी झाली. मग ज्यांच्या घरच्या बायका वरून पाणी ओतायच्या त्यांचे मुलगे त्यांच्या दारात येऊन बसायचे. तातेरावशेठ, आमच्या वावरात कधी येता. गावाच्या चहूबाजूंनी त्यांनीच भोकं पाडली होती. प्रत्येक बोअरला पाणी लागलं की त्यांना आत कुठंतरी थंड वाटायचं.

“मला उठवून बसवा,” ते म्हणाले. गिरिजाबाईनं पाठीला उशी लावली.

“माझी माय त्या विहिरीखाली उभी राहायची,” ते तुटक तुटक बोलू लागले. “कोणी वतलं तर हंडा भरायचा. न्हाईतर तसाच घरी. मी लहान होतो. मनात म्हणायचो, आटून जाऊ दे ही विहीर. समद्यांचीच आटू दे.” त्यांनी श्वास घेतला. “आता आटली. आपल्याच गाडीनं आटली. मला बरं वाटायला पाह्यजे होतं. न्हाई वाटत.”

मग ते थोरल्या पोराकडं वळले.

“राजानंद, सांगायचं तर सगळं सांग. अर्धंच सांगणार असशील तर त्या काकासाहेबाचं हाये तेच वाच.”

गिरिजाबाई तेव्हा पहिल्यांदा रागावली. नवऱ्यावर रागावली. एका पोराला धरून दुसऱ्याला ढकलायचं, मग दोघांनाही ढकलायचं, ही कुठली रीत, असं ती म्हणाली. काकासाहेबाच्या घरचं कोणी पोर ढकललं जाणार नाही. उद्या सगळं गाव आपल्या दाराकडं तोंड करून उभं राहील, तेव्हा तुमच्या खरेपणाला कोण विचारतंय. ती पायलला घेऊन स्वयंपाकघरात गेली, आणि त्या दिवशी त्या घरात दोन चुलींवर स्वयंपाक झाला.

*

ग्रामसभा शाळेच्या मैदानात भरली. एवढी माणसं खैरवाडीच्या ग्रामसभेला पूर्वी कधी आली नव्हती. बायका हंडे घेऊनच आल्या होत्या, कारण टँकर त्याच वेळेला येणार होता. कचरू पुढच्या रांगेत बसला होता. डोक्याचा गोटा केलेला, गळ्यात उपरणं, आणि नजर कुठंच नाही.

राजानंद उठला. अशा सभांमधून तो इतक्या वेळा बोलला होता की उभं राहिल्यावर शब्द आपोआप येत. आज त्यानं हातातला कागद उघडला, घडी करून खिशात ठेवला, आणि साध्या बोलीत सांगितलं. विहीर पावसामुळं आटली नाही. कल्याणच्या बागेत, नियमाच्या हद्दीत बोअर पडला, त्यामुळं आटली. बोअर आमच्या कंपनीच्या गाडीनं पाडला. माझ्या भावानं मला आधी फोन करून विचारलं होतं. नियम मीच केलेला होता. मी नको म्हणायला पाहिजे होतं, ते म्हटलं नाही. काकासाहेबांना दुखवायचं नव्हतं म्हणून म्हटलं नाही. त्यानं अध्यक्षपदाचा राजीनामा साहेबांच्या टेबलावर ठेवला, कचरूकडं वळून हात जोडले, आणि खाली बसला.

 मग काकासाहेब उठले.

राजानंदला वाटलं होतं ते चिडतील, खोटं म्हणतील. काकासाहेबांनी त्याचं कौतुक केलं. एवढ्या मोठ्या मनानं चूक कबूल करणारा माणूस या तालुक्यात दुसरा नाही, ते म्हणाले. मगरेसाहेबांच्या कंपनीकडून चूक झाली, ती त्यांनी स्वतःच्या तोंडानं गावापुढं मांडली. शेतकऱ्याला बिचाऱ्याला नियम काय ठाऊक. तो गाडीवाल्यावर विश्वास टाकतो. गाडीवाल्याला कळायला पाहिजे कुठं दगड फोडायचा आणि कुठं नाही. माझं नाव त्यांनी घेतलं, मला राग नाही, दुःखात माणूस बोलून जातो. पण म्हातारी गेली, हिशेब कोणाचा तरी लागला पाहिजे.

बोलणं संपलं तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही, पण माना हलल्या. राजानंदनं त्या माना ओळखल्या. त्यांतल्या किती जणांच्या बागा त्याच्याच गाड्यांच्या पाण्यावर उभ्या होत्या हे त्याला पाठ होतं. त्यांतल्या कोणालाही तो या क्षणी काही म्हणू शकत नव्हता, कारण काकासाहेबांनी म्हटलेल्यात खोटं एवढंसंच होतं.

मागून कोणीतरी म्हणालं, “ह्यांच्या हातात विहीर दिली तवाच समजायला पाह्यजे होतं.” कोण बोललं ते दिसलं नाही. कोणी त्याला गप्पही केलं नाही. रूपाली शाळेच्या ओसरीवर उभी होती. तिच्या वर्गातल्या पोरांच्या आया तिच्या आसपास होत्या. त्यांनी तिच्याकडं पाहणं टाळलं.

साहेबांनी तिथल्या तिथं दोन हुकूम केले. बोअर सील करायचा आणि गाडी ताब्यात घ्यायची. गाडीच्या किल्ल्या प्रेमनं स्वतः आणून दिल्या. त्याला जबाबासाठी तालुक्याला बोलावलं होतं. किल्ल्या देऊन तो राजानंदच्या समोरून गेला.

“प्रेम,” राजानंद म्हणाला.

प्रेम थांबला. “खरं बोललास दादा,” तो म्हणाला. “बोलायचं तर त्या फोनवरच बोलायचं, न्हाईतर सहा महिन्यांनी, सगळं निवल्यावर. मधेच बोललास.” त्यात राग नव्हता. त्यामुळं राजानंदला ते जास्त लागलं.

*

पुढं झालं ते असं. गाडी तालुक्याच्या कचेरीच्या आवारात जाऊन उभी राहिली. बाकीच्या गाड्यांना त्या भागातलं कामच मिळेना. चालवणारी माणसं एकेक करून दुसऱ्या मालकांकडं गेली. हातपंपांचं एक सरकारी काम हातात आलं होतं, ते मागं गेलं. जालन्याहून एका पुढाऱ्याचा फोन आला, झेडपीचं सध्या थोडं राहू द्या. समितीचं अध्यक्षपद काकासाहेबांकडं गेलं. बोअरला लाखेचं सील लागलं होतं, त्याचा फोटो पेपरात आला. पण पुढच्या आठवड्यात बागेच्या कडेनं जाणाऱ्यांना मोटरचा आवाज ऐकू यायला लागला, आणि मोसंबीचं एक पानही पिवळं पडलं नाही.

प्रेमवर गुन्हा दाखल झाला, जामीनही झाला. त्यानं परभणीकडं, पायलच्या माहेराजवळ, कोणाच्या तरी गाडीवर नोकरी धरली. सामान टेम्पोत चढलं तेव्हा गिरिजाबाई आपली पिशवी घेऊन बाहेर आली. तातेरावांना औषधं कधी द्यायची हे तिनं रूपालीला नीट सांगितलं, पलंगाशी जाऊन त्यांच्या छातीवर थोडा वेळ हात ठेवला, आणि टेम्पोत पायलशेजारी जाऊन बसली. किती दिवसांसाठी, हे राजानंदनं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. तातेराव म्हणाले, “जाऊ दे तिला. तिला दोन पोरं हायेत.”

ते गेल्यावर घर मोठं झालं. राजानंद सकाळी ऑफिसला जायचा, काचेच्या दारामागं बसायचा, आणि दुपारीच परत यायचा. रूपाली शाळेत जायची. दोघं जेवताना कामापुरतं बोलायची. एकदा तिनं म्हटलं, “मी म्हणत होते सांगा म्हणून. मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटंल.” तो म्हणाला, “मलाबी वाटलं होतं.”

अशाच एका संध्याकाळी कचरू दारात आला.

 सोनूबाई गेल्यापासून तो कोणाच्या दारात गेला नव्हता. राजानंद उठून उभा राहिला, त्याला आत घेतलं, खुर्ची दिली. कचरू खुर्चीवर बसला नाही, उंबऱ्याच्या आत उकिडवा बसला. रूपालीनं तांब्या-फुलपात्र आणून ठेवलं. तो सगळं पाणी प्यायला, आणि फुलपात्र खाली ठेवून कितीतरी वेळ पायाच्या नखांकडं बघत राहिला. शिव्या देईल, रडेल, पैसे मागेल, असं काहीही राजानंदनं ऐकून घेतलं असतं. त्याची त्यानं तयारी करून ठेवली होती.

“एक काम होतं साहेब,” कचरू म्हणाला. “म्हातारी होती तवर पाणी यायचं. पोरगा पुण्याला कंपनीत हाये, सुनबाई त्याच्यासंगं. नात लहान हाये. मला हंडा उचलत न्हाई, गुडघे गेलेत. टँकर येतो तवा गर्दी इतकी, माझा नंबर लागत न्हाई.” तो थांबला. “माझ्या दारात एक बोअर मारून द्या.”

 कचरूचं घर विहिरीच्या वरच्याच आळीत होतं. बागेपेक्षाही जवळ.

आतून तातेरावांचा खोकला ऐकू आला, मग थांबला. तेही ऐकत होते.

एक गाडी पटांगणात उभीच होती. चार-दोन तासांचं काम. गावातलं कोणी सोनूबाईच्या नवऱ्याच्या दारातल्या बोअरला विरोध करायला धजलं नसतं. उलट म्हणाले असते, मगऱ्यांनी भरपाई केली. काकासाहेबांनीच नारळ फोडला असता.

“न्हाई जमणार, कचरूभाऊ,” राजानंद म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. “तिथं बोअर घेता येत न्हाई. घेतला तर विहीर कधीच भरणार न्हाई.”

कचरूनं वर पाहिलं. त्या नजरेत नुसतं न समजणं होतं.

“काकासाहेबांच्या पुतण्याच्या बागेत बोअर बसतो,” तो म्हणाला, “आन् माझ्या दारात बसत न्हाई.”

 कचरू भिंतीला धरून उठला, येतो म्हणाला, आणि गल्लीनं सावकाश निघून गेला. रूपाली दारात उभी राहून तो वळेपर्यंत बघत राहिली. मग तिनं तांब्या-फुलपात्र उचललं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा बायकांच्या रांगेत राजानंद मगरे हंडा घेऊन उभा होता. त्याच्या पुढच्या बाईनं मागं वळून पाहिलं, पदर नीट केला आणि पुन्हा पुढं बघायला लागली. कोणी त्याला पुढं जा म्हटलं नाही, कोणी मागं हो म्हटलं नाही. टँकरवरचा माणूस त्याला ओळखत होता. दुष्काळाच्या साली तो त्याच्याच पगारावर होता. त्यानं पाइप हंड्यात धरला आणि दुसरीकडं बघत राहिला.

भरलेला हंडा खांद्यावर घ्यायची सवय राजानंदला राहिली नव्हती. चढावर त्याचा सदरा अर्धा भिजला. कचरू ओट्यावर बसला होता, नात शेजारी पाटी-पुस्तक घेऊन. कचरूनं त्याला येताना पाहिलं.  पाय आखडून घेऊन त्यानं आत जायची वाट मोकळी केली.

चुलीशेजारी रांजण होता, झाकणावर धूळ बसलेली. राजानंदनं झाकण काढलं आणि हंडा ओतला. रांजण मोठा होता, तळ तेवढा भिजला. त्यानं झाकण पुसून परत ठेवलं, रिकामा हंडा उचलला आणि रांगेकडं निघाला.